बेर्लेवोग ते बोट्सफ्योर

नकाशावर पट्टी ठेवली तर अडतीस किलोमीटर.
वेळापत्रक म्हणतं, पंधरा मिनिटं.
त्यातून चाकं जमिनीवर घालवतात तो वेळ वजा करा,
उरली नऊ.
नऊ मिनिटांत हवाईसुंदरी उठतसुद्धा नाही,
पट्टा बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून बसते,
मासळीच्या कारखान्यात निघालेल्या
लिथुआनियन पोरांच्या बुटांकडे बघत.

माझा हिशेब वेगळा. मी बर्फ ढकलणारा ट्रक चालवतो.
माझ्या रस्त्यानं नव्वदच्या वर भरतात.
आधी समुद्राकडे पाठ करून दक्षिणेला,
पठारावरच्या तिठ्याला वळायचं,
मग जेवढं खाली आलो जवळपास तेवढंच वर.
तेही फाटक उघडं असेल तर.
नसेल तर गाड्या रांगेत उभ्या राहतात
आणि माझ्या पिवळ्या दिव्याची वाट बघतात.

ओडवार अलीकडच्या मनोऱ्यात, आस्लाउग पलीकडच्या.
एकोणीस वर्षं.
तो फोन उचलायचा: "निघालं.
तीन माणसं, टपाल, औषधांचा एक खोका."
ती म्हणायची: "वारा वायव्येचा, अठ्ठावीस नॉट. येऊ दे."
किंवा: "नको."
बाकी जे काही असेल ते
या दोन वाक्यांतच कोंबायचं, अशी सवय पडलेली.

तिचा नवरा गेला त्या नोव्हेंबरात
ती चौथ्या दिवशी कामावर आली
आणि म्हणाली, "दृश्यता दोनशे मीटर."
"बर्फ?"
"हो. बर्फच."
ओडवारनं काचेतून पाहिलं.
आभाळ असं लख्ख, की
पूर्वेच्या डोंगराची धार बोटानं चाचपून बघावी.
पण अडतीस किलोमीटरवर हवा वेगळी असू शकते.
वहीत त्यानं तसंच लिहिलं,
विमान रोखलं.
पायलट कुरकुरला, पोरांनी यंत्रातून कोको घेतला,
इंजिनावरचं आच्छादन पुन्हा चढवलं.
चाळीस मिनिटांनी तिचा फोन आला:
"निवळलं."

मी त्या दिवशी पठारावरच होतो.
बर्फाचा एक कण नव्हता.
हे मी त्याला सांगितलं ते यंदा, मे महिन्यात,
फाटकापाशी, त्याच्या गाडीच्या खिडकीत वाकून.
तो निवृत्त होऊन सहा दिवस झाले होते.
मी म्हटलं, तुला तर तिकीट जवळजवळ फुकट,
मग या चिखलातून कशाला?
म्हणाला, नऊ मिनिटांत माझी तयारी होणार नाही.

पोचायला दोन तास पन्नास मिनिटं लागली.
मध्ये रेनडियरचा एक कळप आडवा आला,
त्यांना कुठलीच घाई नव्हती, त्यालाही नसावी.

पुढचं त्यानंच परतताना सांगितलं, तेही तुटक.
आवाजावरून त्याला वाटलं होतं, बाई उंच असेल.
होती खांद्याएवढी, पायांत लोकरीचे मोजे,
चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली.
ती म्हणाली, "रस्त्यानं आलास?"
तो म्हणाला, "रस्त्यानं."
मग कॉफी.
मग बराच वेळ दोघंही खिडकीबाहेर.
त्या सकाळबद्दल त्यानं विचारलं नाही.
मी असतो तर विचारलं असतं,
म्हणूनच मी ट्रकवर आहे.

मग फोन वाजला. बेर्लेवोगची नवी मुलगी,
त्याच्याच खुर्चीतून:
"निघालं. पाच माणसं."
आस्लाउगनं वारा सांगितला, ढग सांगितले,
आणि दृश्यतेपाशी थांबली.
समोर फ्योर्ड, त्यापलीकडे समुद्र,
समुद्रावर एक बोट, माशीएवढी, तरी स्पष्ट.
"दहा किलोमीटर," ती म्हणाली, "किंवा जास्त."
फोन ठेवून त्याला म्हणाली,
"दहाच्या पुढचं आपण लिहीत नाही."
"माहीत आहे," ओडवार म्हणाला,
आणि घड्याळ न बघता
नऊ मिनिटं मोजू लागला.